मेंटेनन्स बंद करू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर म्हणालीस, "काका, बेडरूमच्या छताला पोपडे आलेत, गादी सरकवून झोपतेय आणि कमिटी दाद देत नाही. गळती थांबेपर्यंत मेंटेनन्स भरायचं नाही असं मी ठरवलंय." मी एवढंच म्हटलं, की दोन दिवस थांब. ही गोष्ट फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नाही. बिलाची शेवटची तारीख पंधरा आहे ना? त्याआधी हे पत्र वाच आणि बिल भरून टाक.

तुझा राग मला कळतो, कारण मी नेमकं हेच केलं होतं. २००४ च्या पावसाळ्यात मुलुंडच्या घरी आमच्या डोक्यावरची गच्ची गळत होती. वरच्या मजल्यावरचं घर, आई अंथरुणाला खिळलेली आणि तिच्या खाटेशेजारी बादली. कमिटीला तीन वेळा तोंडी सांगितलं. नंतर चिडून चौदा महिने पैसे भरले नाहीत. माझं म्हणणं सरळ होतं, तुम्ही गच्ची करा, मी पैसे देतो. पुढे सोसायटीने उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, वसुलीच्या दाखल्यासाठी अर्ज केला. हा दाखला म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश. सुनावणीला मी ओल्या भिंतीचे फोटो घेऊन गेलो. तिथे मला एकच प्रश्न विचारला गेला, बिलं मिळाली होती का आणि भरली का नाहीत? गळतीची तक्रार वेगळी, तिची जागा सहकार न्यायालय, असं सांगून माझे फोटो परत दिले. दाखला निघाला, रक्कम व्याजासकट भरावी लागली आणि गच्ची पुढचा पावसाळाही तशीच गळत राहिली.

पैशांचं दुःख कमी होतं. खरं नुकसान वार्षिक सभेत झालं. मी गळतीवर बोलायला उभा राहिलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "आधी थकबाकी भरा." त्यानंतर माझं कुणी ऐकलं नाही. इमारतीत सगळ्यात न्याय्य तक्रार माझी होती, आणि मीच तिचा आवाज बंद केला.

कायदा दोन वह्या ठेवतो, असं समज. एका वहीत तू देणं लागतेस ते, दुसऱ्या वहीत तुझं येणं. ही दोन्ही खरी असतात, पण एकाची रक्कम दुसऱ्यात आपल्या मनाने वळती करता येत नाही. सोसायटीने तुझं छत दुरुस्त केलं नाही म्हणून तुझं मेंटेनन्स माफ होत नाही. आणि तू मेंटेनन्स थकवलंस म्हणून सोसायटीला तुझं पाणी तोडता येत नाही. तिने वसुलीच्या दाखल्याच्या रस्त्यानेच यायचं. सोसायट्यांना लागू होतो तो कायदा म्हणजे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. त्यात हा रस्ता पूर्वी कलम १०१ खाली होता. २०१९ च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि आता तो १५४ब-२९ मध्ये आहे. कलमाचा आकडा बदलला, तरी वसुली तशीच कडक आहे. थकबाकीदाराला कमिटीवर निवडूनही येता येत नाही.

हे मी वेळीच शिकायला हवं होतं, कारण माझ्या घरात ते घडून गेलेलं होतं. गिरगावात आमची पागडीची खोली होती, तुझ्या आजोबांच्या दोन दारं पलीकडे. घरमालकाला चाळ रिकामी करून हवी होती. त्याने आधी भाडं घेणं बंद केलं, म्हणजे पुढे 'भाडं थकलं' म्हणता येईल. मग नळ बंद केला. चाळीतले दोघे-तिघे म्हणाले, पाणी नाही तर भाडं कसलं. माझे वडील मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला भाड्याची मनीऑर्डर करत. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची. तो कागद ते तारखेनुसार सुतळीत ओवून ठेवत. पाण्यासाठी त्यांनी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात अर्ज केला. भाडेकरूचं आवश्यक पाणी-वीज मालकाने तोडू नये, हे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात होतं आणि आजच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ म्हणून आहे. तो मनीऑर्डरींचा गठ्ठा टेबलावर ठेवला, तेव्हा समोरच्या वकिलाला थकबाकीचा शब्द काढता आला नाही. नळाला पाणी आलं. मी तेव्हा दहावीत होतो आणि आईबरोबर तळमजल्यावरून कळशा वाहत होतो, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात आहे.

आता तुझ्या छताकडे येऊ. आधी पाणी कुठून येतं ते ठरव, कारण दुरुस्ती कुणी करायची हे त्यावर ठरतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाईप, पावसाच्या पाण्याची गळती, छताची संरचनात्मक दुरुस्ती हे सगळं सोसायटीच्या खर्चाचं. घराच्या आतलं त्या त्या सभासदाचं. तुझ्या बेडरूमवर वरच्यांचं बाथरूम येतं आणि त्यांनी गेल्या दिवाळीत लाद्या बदलल्या, असं तू म्हणालीस. लाद्या फोडताना खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग जातं, ही मुंबईत रोजची गोष्ट आहे. पण त्यावरून त्यांच्यावर आरोप करू नकोस. दोन दिवस ते बाथरूम कोरडं ठेवायला सांग. मग नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायचं भोक, बंद करून लादीवर रंग मिसळलेलं पाणी भरून ठेवायचं. खाली रंग उतरला, तर खर्च वरच्यांचा. रंग उतरला नाही आणि फक्त पाऊस लागला की ओल वाढते, असं दिसलं तर भिंत किंवा वरून पाणी खाली आणणारा डाऊनटेक पाईप, म्हणजे काम सोसायटीचं. चाचणी करताना सेक्रेटरीला हजर राहायला सांग. आगाऊ सूचना देऊन सभासदाच्या घरात पाहणी करण्याचा अधिकार सोसायटीला आहे, तेव्हा वरचे दार उघडत नाहीत ही सबब चालत नाही.

आणि वरच्यांशी गोड राहा. त्यांच्या घरात लहान मूल आहे, पुन्हा लाद्या फोडणं त्यांनाही सोपं नाही.

मग अर्ज. आतापर्यंत तू कमिटीशी जे बोललीस ते जिन्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. ग्रुपवर लिहिलं की मन मोकळं होतं, पण कमिटीला उत्तर द्यावं लागत नाही. कागदावर लिही, फार लांब नको. मी मसुदा देतो, तारखा तू भर:

"माझ्या सदनिकेच्या बेडरूमच्या छतातून अमुक तारखेपासून गळती आहे. फोटो सोबत जोडले आहेत. कारण शोधण्यासाठी आपण पाहणी करावी व दुरुस्तीबाबतचा निर्णय मला लेखी कळवावा. या तिमाहीचे बिल मी पूर्ण भरले आहे. दुरुस्ती व नुकसानभरपाईबाबतचे माझे हक्क मी राखून ठेवत आहे."

शेवटची दोन वाक्यं गाळू नकोस. पैसे भरले म्हणजे तक्रार सोडली, असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून ती आहेत. दोन प्रती काढ. एक सोसायटीच्या ऑफिसात दे आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घे. ही पोच मिळेपर्यंत तिथून हलू नकोस. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, साहेब आले की देतो." तू म्हण, "बसते मी." कमिटीने पत्र घ्यायलाच नकार दिला, तर स्पीड पोस्टाने पाठव. पत्रव्यवहार न स्वीकारणं ही सुद्धा निबंधकांकडे नेता येण्यासारखी तक्रार आहे, आणि अनेक सेक्रेटरींना हे ठाऊक नसतं. उपविधींप्रमाणे तुझा अर्ज कमिटीच्या पुढच्या सभेत ठेवायला हवा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत निर्णय तुला कळवायला हवा. नाहीच काही झालं, तर गळतीचा वाद सहकार न्यायालयात, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली. सभासदत्व, भागपत्र, नोंदींच्या प्रती, वार्षिक सभा न घेणं अशा गोष्टी उपनिबंधकांकडे. चुकीच्या दारात गेलीस, तर माझ्यासारखी परत पाठवतील.

बिल भर म्हणालो, पण डोळे मिटून भरू नकोस. तुझं बिल मी पाहिलं. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आहे, ते बरोबर. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं आहे, तेही बरोबर. घर लहान म्हणून वॉचमनचा पगार कमी लागत नाही. लिफ्टचा खर्चही तळमजल्यावाल्यांसकट सगळ्यांत समान. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, ०.२५ टक्के, हे दोन आकडे सोसायटीकडे तपासून घे. मला खटकली ती मालमत्ता कराची ओळ. तुझं घर ४१० फूट कार्पेट आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मुंबई महापालिकेने १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ केलाय. मग तुझ्या बिलात तो कशाचा लागतो? चूक असेल, नोंदणीत क्षेत्रफळ वेगळं असेल, किंवा पैसे दुसऱ्या कशाचे असतील. लेखी विचार. या वेळेला तीही रक्कम हरकत नोंदवून भर, नंतर परत माग.

घर घेताना सोसायटीने तुझ्याकडून पंचवीस हजारांच्या वर काही घेतलं होतं का, तेही पावत्या काढून बघ. महापालिका हद्दीत हस्तांतरणाच्या प्रीमियमची, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा २५,००० आहे, आणि 'विकास निधी' किंवा 'देणगी' असं नाव दिलं तरी त्याहून जास्त मागता येत नाही.

तुझ्या इमारतीबद्दल मला एक काळजी आहे. ती १९८९ ची, म्हणजे तिशी उलटून गेली. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. तुझ्या पोपड्यांखाली गंजलेली सळई दिसते का बघ. दिसत असेल तर हा फक्त बाथरूमच्या पाण्याचा प्रश्न नाही, आणि मग मला लगेच फोन कर. तपासणीचा अहवाल कमिटीकडे माग. यंदाची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लागते. अहवालाचा विषय कार्यपत्रिकेवर घ्या, असं आताच लिहून दे. त्याच सभेत इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं), झालंय का तेही विचार. इमारत उद्या पुनर्विकासाला गेली, तर जमीन कुणाच्या नावावर आहे हा पहिला प्रश्न येतो.

तू पुण्याच्या बदलीचं म्हणत होतीस. घर भाड्याने दिलंस तर एजंट सांगेल, अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही. इतर राज्यांत तसं असेल. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. ही जबाबदारी मालकाची, म्हणजे तुझी. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर करारातल्या अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं आधी धरलं जातं. मुदत संपूनही तो हलला नाही, तर कुलूप बदलू नकोस, वीज तोडू नकोस. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, त्याच कायद्याच्या कलम २४ खाली अर्ज कर. तिथे दुप्पट दराने भरपाई मागता येते. घर तुझं असलं तरी त्यालाही दुसऱ्या वहीत काही हक्क आहेत. तू स्वतः राहत नाहीस म्हणून सोसायटी तुझ्याकडून बिनभोगवटा शुल्क घेईल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नको.

नामनिर्देशनाचा फॉर्म तू भरलास, हे छान केलंस. आईचं नाव दिलंयस, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तुझ्यामागे सोसायटी आईला तात्पुरती सभासद करून घेईल आणि वारस ठरेपर्यंत घर तिच्या हाती राहील. मालकी कुणाची हे मृत्युपत्रावर किंवा वारसा कायद्यावर ठरेल. एकतिसाव्या वर्षी मृत्युपत्राचं बोललं की तुला राग येईल, म्हणून त्यावर भेटल्यावर बोलू.

रविवारी सकाळी दहाला मी भांडुपला येतो. वरच्यांना शुक्रवारपासून ते बाथरूम कोरडं ठेवायची विनंती करून ठेव. पाण्याचा रंग मी घेऊन येईन. बिल भरल्याची पावती आणि अर्जाच्या दोन प्रती तयार ठेव. ऑफिस रविवारी अकराला उघडतं म्हणालीस ना, वरच्यांकडची चाचणी आटोपली की तिथे जाऊन आपण अर्जावर शिक्का घेऊ.

तुझा,
काका