जामीन मंजूर, सुटका नाही

प्रश्न : पुतण्यावर मोबाइलचोरीचा गुन्हा आहे, त्याचा पहिलाच. दंडाधिकाऱ्यांनी 15,000 रुपयांचा जामीन मंजूर करून पाच आठवडे झाले, तरी तो आर्थर रोडलाच. मुंबईत कुणी जामीन राहत नाही. सांगोल्याचा मामा तयार आहे, पण ‘जामीनदार इथलाच हवा’ म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : ‘इथलाच हवा’ हा हट्ट जुना आहे. 1978 मध्ये मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही चूक ठरवलं. मामाचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा पगाराची स्लिप घेऊन त्याला उभा करा.

तुमच्याकडे याहून जवळचा रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशानुसार, जामिनानंतर महिनाभरात हमी भरता आली नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पण वाट पाहू नका. त्याच कोर्टात अर्ज द्या: रक्कम कमी करावी किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडावं. सोबत जामीन आदेशाची प्रत आणि घरच्या उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र जोडा. वकिलाचा खर्च नको. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा.

पैसे जमत असतील तर रोख जामिनाची परवानगी मागा. मात्र आदेश नीट वाचा. बऱ्याचदा रोख ‘तात्पुरती’ असते, ठरलेल्या मुदतीत जामीनदार आणायचा असतो. पोरगा घरी आला की हे विसरतात आणि जामीन रद्द होतो. पावती जपा, खटला संपल्यावर रक्कम परत मागताना तीच लागते.

कोर्टाच्या दारात ‘जामीनदार देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. कागद बनावट निघाले तर जामीन जातोच, वर नवा गुन्हा दाखल होतो.

सुटकेच्या कागदावरचं नाव आणि वडिलांचं नाव तुरुंगाच्या नोंदीशी अक्षरशः जुळतं का, तेही पाहा. एका वेलांटीपायी माणूस आत राहतो. आर्थर रोडची जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे कागद टाकायची तुरुंगाबाहेरची पेटी, संध्याकाळी शेवटची उघडली, की त्यानंतरचा कागद दुसऱ्या दिवसावर जातो.

हे सगळं फसलं तरी, साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं. पहिल्याच गुन्ह्यात तिच्या एक तृतीयांश, म्हणजे एक वर्ष आत काढलं की नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 479 नुसार न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. त्याच्यावर आणखी गुन्हे प्रलंबित असतील तर मात्र नाही. जामीन मिळालेल्या पोराने तिथवर थांबावं लागणं हीच खरी लाज आहे.

प्रश्न : मी जामीन राहिलो आणि आरोपी पळाला, तर तुरुंगात मी जाणार?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लगेच नाही. आधी ‘रक्कम का वसूल करू नये’ अशी नोटीस येते. तिला उत्तर द्या. न्यायालय रक्कम काही अंशी माफ करू शकतं. रक्कम वसूलच झाली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. लक्षण बरं दिसत नसेल तर आधीच ‘मला जामिनातून मोकळं करा’ असा अर्ज द्या. मग न्यायालय आरोपीवर वॉरंट काढतं आणि नवा जामीनदार मागतं. तुमची हमी फक्त तो तारखेला हजर राहण्याची आहे. उद्या तो दोषी ठरला तरी तुमच्या खिशाला हात लागत नाही.