नाव लपणार नाही, पत्ता मात्र वाचवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ पुणे शहर पोलिसात शिपाई आहे, मारहाणीच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल होऊन तो निलंबित झालाय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं नाव, फोटो, घरचा पत्ता फिरतोय. निकाल लागेपर्यंत नाव गुप्त ठेवता येईल का?

नाही. त्यात वेळ घालवू नका. मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करते आणि पोलिस लाईनीत वाढलेय, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव छापता येत नाही. आरोपी पोलिसाला तसं संरक्षण कुठल्याच कायद्यात नाही. उलट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायच्या. त्याआधी १९९४ च्या राजगोपाल निकालात ठरलंच होतं की सरकारी कामाशी निगडित वागणुकीबद्दल सरकारी नोकराला खासगीपणाची ढाल पुढे करता येत नाही. कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर मे २०२४ मध्ये येरवडा पोलिस ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, त्यांची नावं सगळ्या पेपरांत आली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. नावाची पट्टी छातीवर लावून काम करणाऱ्याचं नाव त्या कामाबाबत झाकायचं कशाला?

विभागीय चौकशीचे कागद मात्र वेगळे. २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा आणि शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती मानली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय माहितीच्या अधिकारात ती मिळत नाही.

आता पत्त्याचं. १९९६ साली माझे बाबा हवालदार होते. चौकीत एका हातगाडीवाल्याच्या कानाखाली मारली, त्याच्या कानाचा पडदा फाटला. बाबांनी हे घरी कधी नाकारलं नाही, ‘हात उठला’ एवढंच म्हणायचे. एका पेपरात बातमी आली तीत बाबांचं नाव, बक्कल नंबर आणि लाईनीतला खोली क्रमांक. तिसऱ्या दिवशी रात्री खिडकीवर दगड आला. माझा भाऊ तेव्हा सातवीत होता, त्याने महिनाभर शाळेत जायचं नाव काढलं नाही.

पण त्याच बातमीत हातगाडीवाल्याच्या वस्तीचं नाव आणि गल्लीही होती. आमच्याकडे एकदा दगड आला; त्यांच्याकडे बाबांच्या दोस्तांची मोटारसायकल आठवडाभर रोज जात होती, ‘समजवायला’. तो माणूस बायकामुलांना घेऊन गावी निघून गेला, साक्षीला आला तो थेट वर्षभराने. हे मला खूप उशिरा कळलं, वकील झाल्यावर. म्हणून सुरक्षिततेचा विषय निघाला की मला आधी तक्रारदार आठवतो. राग मानू नका.

तुमच्या भावाने पहिली गोष्ट ही करावी की तक्रारदाराच्या आसपासही फिरकू नये. मित्राला पाठवू नये, मेव्हण्याला पाठवू नये. जामीन झाला असेल तर एवढ्यावरून तो रद्द होऊ शकतो.

दुसरी, पत्ता टाकणाऱ्यांशी ग्रुपवर भांडत बसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली तक्रार द्या. नाव लपवून दिलेल्या धमकीला त्यात जास्त शिक्षा आहे. सोबत पोलिस आयुक्तांना लेखी अर्ज द्या, संरक्षण घरच्यांसाठी मागा. अर्जात ‘बदनामी थांबवा’ असलं काही घालू नका, फक्त पत्ता आणि धमकी. अटक झालीच तर कोर्टाला तिथेच सांगायला लावा की तो पोलिस आहे आणि कारागृहात वेगळी बराक हवी. ज्यांना त्याने पकडलंय ते आतच असतात, हे नंतर सुचून उपयोग नाही.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हेही घरात सांगा. सुरुवातीला निर्वाहभत्ता साधारण अर्ध्या पगाराइतका मिळतो, तेव्हा कर्जाचे हप्ते आत्ताच बघा. हजेरी सांगितली असेल तिथे ती एकदाही चुकवू नका, नाहीतर त्याची आणखी एक कसुरी लागते.

बाबांची चौकशी दोन वर्षं चालली, वेतनवाढ रोखली गेली, नोकरी राहिली. दगड आला त्या रात्रीच आईने दारावरचं नाव आणि बक्कल नंबर उरलेल्या निळ्या ऑइलपेंटने पुसून टाकला होता. ते नाव परत लिहायला बाबांनी पेंटर कधी बोलावला नाही. निवृत्तीपर्यंत आमच्या दारावर नुसता निळा पट्टा होता, आणि पोस्टमन शेजाऱ्यांना विचारून पत्र टाकायचा.