सांडपाण्यावरच्या पिकाला झिंक-फेरस (जस्त आणि लोह) दिलं तर जड धातू लागत नाहीत, हे खरं आहे का?

तुमचं शेत छत्रपती संभाजीनगरच्या खालच्या अंगाला, खाम नदीकाठी. पाणी नाल्याचं, पीक पालक-मेथी आणि थोडं सोयाबीन. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, मायक्रोन्यूट्रिएंटचा, म्हणजे झिंक-लोहासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डोस दिला की जड धातूंची काळजी नाही. मी माती-पाणी तपासणीच्या कामात आहे, म्हणून सांगतो: दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाही, पण तो पिकाबद्दल बोलतोय आणि तुम्ही विचारताय ती काळजी खाणाऱ्याची आहे.

आधी त्याच्या म्हणण्यातलं खरं. कॅडमियम हा विषारी जड धातू, पण झिंकचा भाऊबंद. मुळांना कॅडमियम नकोच असतं, पण झिंक, लोह आणि मॅंगनीज आत घेण्याची जी दारं आहेत त्यांतूनच ते घुसतं. जमिनीत झिंक कमी असेल तर झाड ती दारं जास्त उघडतं आणि कॅडमियमचं फावतं. लोहाचंही तसंच. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सोयाबीन कोवळेपणी पिवळं पडतं ना, तेव्हा ते लोहासाठी धडपडत असतं. शेजारी कॅडमियम असेल तर तेही ओढलं जातं. मराठवाड्यात झिंक आणि लोहाची कमतरता नेहमीची आहे, त्यामुळे ती भरून काढण्याचा उपयोग होतो. पुरेसं झिंक मिळालेल्या पिकात कॅडमियम कमी साठतं, हे गहू आणि भातावरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

मात्र कमतरता असेल तरच. माती परीक्षणात उपलब्ध झिंक किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आणि लोह ४.५ च्या खाली असेल तर कमतरता धरतात. सांडपाण्याच्या जमिनीत झिंक आधीच भरपूर निघू शकतं, कारण गॅल्व्हनायझिंगच्या, म्हणजे लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यातून तेही येतं. अशा ठिकाणी वरून आणखी झिंक टाकाल तर लोह आणि तांब्याचं गणित बिघडेल.

कमतरता निघालीच तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. डीएपीसोबत एकत्र कालवू नका, स्फुरद झिंकला बांधून टाकतं. फवारणी करायची तर १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्म्या चुन्याची निवळी. लोहासाठी चुनखडीत साधं फेरस सल्फेट टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ते फवारणीतून द्या, किंवा जमिनीतूनच द्यायचं असेल तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) घ्या. ईडीटीए हे दुसरं चिलेट आपल्या जमिनीच्या सामूत (पीएचमध्ये) टिकत नाही. आणि झिंक सल्फेट पक्क्या बिलावर, नावाजलेलंच घ्या. ते बऱ्याचदा जस्ताच्या राखेपासून बनतं आणि हलक्या मालात शिसं-कॅडमियमच असू शकतं. सरकारी खत नियंत्रण आदेशात या दोन्हींच्या मर्यादा दिल्या आहेत त्या उगाच नाहीत.

इंटरनेटवर 'चुना टाका, धातू बांधले जातात' असंही वाचलं असेल. तो सल्ला आंबट जमिनीचा, कोकणासारख्या. तुमच्या जमिनीत चुनखड आहेच, सामू ८ च्या आसपास असणार, शिसं आणि कॅडमियम तिथं बऱ्यापैकी अडकलेलं असतं. फक्त सांडपाणी खारट असेल तर त्यातलं क्लोराइड कॅडमियमला पुन्हा मोकळं करतं. म्हणून पाण्याची क्षारता आणि क्लोराइड तपासा, ही गोष्ट कुणी सांगत नाही.

क्रोमियमचा हिशेब वेगळा. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा देण्याच्या कामातून येणारं सहा संयुजेचं (जास्त विषारी रूपाचं) क्रोमियम आपल्या विम्लधर्मी, म्हणजे जास्त सामूच्या जमिनीत अडकत नाही, पाण्याबरोबर फिरतं. त्यावर झिंकचा काही इलाज नाही. तिथं शेणखत, कंपोस्टसारखा सेंद्रिय माल कामाला येतो, तो त्याचं कमी विषारी तीन संयुजेचं रूप करतो. पण शहरी कंपोस्ट आणत असाल तर त्याचाही अहवाल मागा. त्यात कॅडमियम किलोला ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं.

आता मूळ मुद्दा. झिंक-फेरसनं पालक हिरवागार होईल, पण हिरव्यागार पालकात कॅडमियम नाही असं मुळीच नाही. पालक पानांत साठवतो आणि दिसायला काही दाखवत नाही. पालेभाज्यांत कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. इतक्याशा मात्रेनं पान करपत नाही, पिवळंही पडत नाही. साध्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, त्यात कॅडमियम, शिसं, क्रोमियम नसतं. ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. माती, पाणी आणि कापणीला आलेली पानं, तिन्ही द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर कुठं होतं ते कळेल.

तुमच्या जागी मी असतो तर अहवाल येईपर्यंत नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी लावलीच नसती. त्या तुकड्यात कपाशी किंवा झेंडू. सोयाबीनही दाण्यात कॅडमियम घेतं, म्हणून ते विहिरीच्या पाण्यावर. जड धातूंवरचा उपाय म्हणून सिलेनियमची बाटली कुणी विकायला आणली तर मात्र घेऊ नका. उपयोगाची आणि विषाची मात्रा त्यात फार जवळजवळ असते.