मुलगा जन्मसाल खोटं टाकतो

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझी नणंद डॅलसला असते, ती म्हणाली टेक्सासमध्ये आता घाण साइट उघडायची तर वयाचा पुरावा द्यावा लागतो, कायदाच आहे. इथे माझा १३ वर्षांचा मुलगा माझ्याच फोनवर १९९८ साल टाकतो की सगळं उघडतं. आपल्याकडे असा कायदा का नाही? आणि उद्या आलाच तर साइटला आधार कार्ड द्यायचं का?

उत्तर : नणंदबाई बरोबर सांगतायत. अमेरिकेत हे राज्याराज्याचं वेगळं आहे, सुरुवात लुइझियानाने केली १ जानेवारी २०२३ पासून, की ज्या साइटवर एक तृतीयांशापेक्षा जास्त मजकूर मुलांना अपायकारक असेल तिने वय तपासूनच आत सोडायचं, मग युटा, टेक्सास करत करत वीसहून जास्त राज्यांनी तसेच कायदे केले. टेक्सासचा कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २७ जून २०२५ ला ६ विरुद्ध ३ मतांनी टिकला. सोशल मीडियासाठी पालकांची परवानगी मागणारे आर्कान्सा आणि ओहायोचे कायदे मात्र कोर्टाने अडवले.

आता ते एक तृतीयांश नीट बघा. मित्रांच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ त्यात बसतच नाही, आणि मुलांपर्यंत पहिली घाण बहुतेक तिथूनच येते असं मला वाटतं.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. १८ खालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळलेली परवानगी हवी, मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. कंपन्यांना तयारीला दीड वर्ष दिलंय. पण हा कायदा माहितीपुरता, घाण साइटच्या दाराशी वय विचारणारा नाही.

आधारचा फोटो अशा साइटवर अजिबात चढवू नका. टेक्सासच्या कायद्यात ओळखपत्राची माहिती साठवायला मनाई आहे, पण साठवली की नाही ते तुम्ही-आम्ही कसं बघणार?

माझ्या भाच्याला मी बघितलंय, झोपाळ्यावर बसून अंगठ्याने ते सालांचं चाक असं भिरकावलं की थेट १९९५ वर, आणि नजर आधीच पुढच्या पानावर. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही नव्हतं, ते त्याला दाराची कडी काढल्यासारखं होतं. म्हणून तुमचा फोन आधी वेगळा करा, मुलाला खऱ्या जन्मतारखेचं खातं काढून द्या, गुगलच्या फॅमिली लिंकला, म्हणजे पालकांना मुलाच्या फोनवर लक्ष ठेवता येतं त्या ॲपला, जोडा, आणि हे त्याच्या पाठीमागे नको, रविवारी पोहे खाता खाता त्याला शेजारी बसवून करा. तेव्हाच सांगा की कोणी फोटो मागितला, धमकावलं, तर लगेच मला सांग, मी रागावणार नाही आणि फोन काढून घेणार नाही. हे शेवटचं कबूल केलंत तर पाळा हं, कारण फोन जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात. तसं काही झालंच तर चाइल्डलाइनचा १०९८ नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, फ्रिजवर लिहून ठेवा.