प्रत्येक श्वासाला घड्याळ

‘टायमिंग येत नाही, दहावी तोंडावर आलीय, पोहणं बंद करू का?’ नववीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. बाराव्या वर्षी पदकं आणलेली मुलगी, आणि आता वेळ जागची हलत नाही.

मुक्ता (नाव बदललं आहे) ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखं पोहण्याची. १०० मीटरला नऊ महिने १:१९ वर, म्हणजे एक मिनिट १९ सेकंदांवर अडकलेली. पोहण्याच्या चारही प्रकारांत हा सर्वांत संथ, कारण पाय परत ओढून घेताना मांड्याच पाणी अडवतात. वयात येताना उंची वाढते, कंबर रुंदावते, आणि हात, किक, सरक यांचा जमलेला मेळ विस्कटतो. शरीर नवं, ठेका जुना. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

गुडघा आतल्या बाजूला दुखतो का, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. दुखत होता. या किकमध्ये पाय बाहेर फेकून आत मिटताना तिथल्या अस्थिबंधावर ताण येतो.

“घरी सांगितलंस?”

“निमित्त वाटेल त्यांना.”

आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. दुखणं थांबेपर्यंत किकचे सेट बंद. मांड्यांत पुल-बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा धरून नुसते हात.

चौथ्या भेटीत ती म्हणाली, “मला १:१८ च्या आत यायलाच पाहिजे.”

“त्यातला ‘च’ काढून बोल.”

“यायला... पाहिजे. म्हणजे, आवडेल.” ताठलेले खांदे जरा सैल झाले.

“आणि नाही आलीस तर?”

बराच वेळ गप्प. मग, “बाबा लेनच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे असतात.”

“पाण्यातून दिसतं?”

“प्रत्येक श्वासाला.”

मी पेन खाली ठेवलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दर स्ट्रोकला, हातांच्या प्रत्येक फेऱ्याला, डोकं वर येतं, तोंड समोर. पण घड्याळ पाहायचं तर हनुवटी आणखी उचलावी लागते; ती उचलली की कंबर बुडते, शरीर तिरकं होतं आणि पाणी जास्त अडवतं. तिची भीती स्ट्रोकमध्येच उतरली होती. ‘हनुवटी खाली’ असं कोच कित्येक महिने ओरडत होते. ती वर का जाते, हे कुणी विचारलं नव्हतं. घटनेपेक्षा माणूस तिचा काय अर्थ लावतो ते आधी शोधावं, या माझ्या हट्टाचं मला त्या दिवशी थोडं कौतुक वाटलं, हे कबूल करते.

आता पालकांसाठी. आठवड्यातून एकदाच ५० मीटरची नोंद करा आणि आकडे दोन लिहा: वेळ आणि स्ट्रोक. वेळ तीच पण स्ट्रोक दोनने कमी, तर मुलगी पुढे गेली आहे. दहावीसाठी पोहणं तोडू नका. सहा दिवसांचे तीन करा, दोन तासांचा एक. आणि सोडायचा निर्णय हरलेल्या स्पर्धेच्या आठवड्यात कधीच नको. लिथुआनियाच्या रूता मेलुतीतेनं १५ व्या वर्षी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. २०१९ मध्ये तिनं निवृत्ती घेतली. परत येऊन २०२३ मध्ये फुकुओकाला तिनं ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा २९.१६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पंधराव्या वर्षाचे हिशेब इतके पक्के नसतात.

मुक्ताच्या बाबांना सांगितलं, घड्याळ घरी ठेवा, तलावाच्या फाटकाशी थांबा, वेळ विचारू नका. पुढच्या भेटीत ती हसत आली. पहिल्या दिवशी ती बाहेर येताच बाबा म्हणाले होते, “किती...” मग थांबले, आणि म्हणाले, “किती भूक लागलीय?”