सल्ला ताईंचा : दहा टक्क्यांची कमान

प्रश्न : आमच्या गावाचं सरपंचपद यंदा महिलेसाठी सुटलं आणि मी निवडून आले. महिला व बालकल्याणाचे 10 टक्के पैसे गावाच्या स्वागत कमानीला वळवू या, असं मासिक सभेत सगळे म्हणतात. 'कमानीखालून बायकाही जाणारच की!' यजमानांचंही तेच मत. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : कमानीखालून म्हशीही जातील. तेवढ्यानं तो पशुसंवर्धनाचा खर्च होत नाही.

बाई, मी स्वतः एक मुदत सरपंच होते, म्हणून स्पष्ट सांगते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. इकडचे तिकडे करायची मुभा मासिक सभेला नाही. आणि धनादेशावर सही तुमची आणि ग्रामसेवकांची. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गाव भाऊसाहेबच म्हणणार.) उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर उत्तर यजमानांना नाही, तुम्हाला द्यावं लागेल.

आधी भाऊसाहेबांकडून अंदाजपत्रक आणि नमुना 5 ची रोकडवही मागून घ्या. घरी नेऊ नका, कार्यालयातच बसून वाचा. वर्षाचं उत्पन्न 4 लाख असेल तर 40 हजार तुमच्या हाताशी आहेत. मागच्या वर्षी ते कुठे गेले तेही त्याच वहीत दिसेल. बहुतेक ठिकाणी शिलाई मशिनं दिसतात, तीही ठरावीक घरांत.

मग ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा लावा. ती नियमातच आहे, पण पुष्कळ गावांत नुसत्या सह्या गोळा करून उरकतात. तुम्ही दुपारी, रानातली कामं आटोपल्यावर घ्या, आणि अंगणवाडी सेविका, आशाताई यांना आवर्जून बोलवा. आमच्याकडे पहिली मागणी आली ती शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची. पुरुषांच्या सभेत ती कधी निघाली नव्हती. जे ठरेल ते कार्यवृत्तात लिहून घ्या आणि ग्रामसभेपुढे ठेवा.

यजमानांशी भांडू नका. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी 'सरपंचपती' हा शब्द काही गेला नाही. त्यांना कमान हवीच असेल, तर लोकवर्गणी काढू द्या. पावतीपुस्तक मात्र भाऊसाहेबांकडेच राहू द्या.