पाहुणा नव्हे, घरचाच

प्रश्न : परसातल्या जास्वंदीवर अंगठ्याएवढा चकचकीत निळा-काळा हमिंगबर्ड येतो. दसऱ्याच्या सुमारास दिसेनासा होतो, होळीला पुन्हा हजर. मधल्या काळात स्थलांतर करून कुठे जातो? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : कुठेच जात नाही, आणि तो हमिंगबर्डही नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर असतात. तुमचा आहे जांभळा शिंजीर. विणीचा हंगाम संपला की नर झळाळती पिसं टाकतो आणि मादीसारखा फिकट पिवळा दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत काळपट पट्टा तेवढा उरतो. दिवाळीत तो पट्टा शोधा, "गेलेला" पक्षी त्याच झाडावर सापडेल. फार तर फुलोरा संपला म्हणून शेजारच्या शेवग्यावर किंवा केळफुलावर गेला असेल. (जांभळ्या पाठीच्या शिंजीराचा नर मात्र बारमाही रंगीत असतो, त्यामुळे या दोघांत घोटाळा होतो.) ओळखायची आणखी एक खूण म्हणजे शिंजीर बहुधा फांदीला धरून बसून मकरंद पितो. चोच आत पोचत नसेल तर फुलाच्या बुडाशी भोक पाडतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो, मागेही उडतो.

प्रश्न : लेक ह्यूस्टनला असते. तिनं हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगलीय. सप्टेंबरात ती काढली नाही तर पक्षी थंडीत अडकतील, असं कुणी सांगितलं. खरं का? आणि पाणी कसं करायचं? (खानापूर)

उत्तर : नाही. दिवस लहान होऊ लागले की स्थलांतराची ओढ अंगात आपोआप जागी होते; बाटली त्यांना रोखत नाही. उलट त्याच दिवसांत त्यांना चरबी साठवायची असते. माणकासारख्या गळ्याचा हमिंगबर्ड एरवी जेमतेम 3 ग्रॅमचा. निघताना वजन दुपटीच्या जवळ जातं. त्यातले काही मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडतात, सुमारे 800 किलोमीटर, जवळपास वीस तासांचं उड्डाण. बाकीचे टेक्ससचा किनारा धरून खाली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे जातात, म्हणजे लेकीच्या दारावरूनच. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे बाटली राहू द्यावी. मागे राहिलेली पिल्लं एकेकटी निघतात.

एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळवून पूर्ण गार करायचं. गूळ किंवा तपकिरी साखर नको, त्यातलं लोह त्यांना सोसत नाही. मधाच्या पाण्यात बुरशी पटकन धरते. लाल रंग घालायची गरजच नाही, बाटलीचं लाल तोंड पुरतं. ह्यूस्टनच्या उन्हात पाणी दोन दिवसांत आंबतं, त्यामुळे बदलायचं आणि बाटली गरम पाण्यानं ब्रशनं घासायची. पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी ओतून द्यायचं. एक नर दुसऱ्यांना हाकलत असेल तर दुसरी बाटली घराच्या पलीकडच्या बाजूला, त्याला दिसणार नाही अशी टांगावी.

प्रश्न : आम्हीही अशी बाटली लावावी का? (निपाणी)

उत्तर : नको. शिंजीराला बाटलीपेक्षा फुलंच बरी. जास्वंद, पांगारा, शेवगा लावा आणि त्यांवर कीटकनाशक मारू नका; पिल्लांना तो किडे आणि कोळीच भरवतो.